व्लादिमीर ओब्रुचेव्ह : भूवैज्ञानिक, प्रवासी आणि 'प्लुटोनिया'चा लेखक

पानगळ

व्लादिमीर ओब्रुचेव्ह या रशियन लेखकाची 'प्लुटोनिया' ही कादंबरी मी नुकतीच इंग्रजी अनुवादातून वाचली. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात शिरलेली शास्त्रज्ञांची एक तुकडी लांबच लांब उतारावरून चालत नकळत पृथ्वीच्या पोटात जाते. तिथे तिला आधी मॅमथ, मग त्याहून जुने सस्तन प्राणी आणि सरतेशेवटी डायनोसॉर भेटतात, असे तिचे कथानक आहे. पुस्तकावरच्या परिचयात लेखक भूवैज्ञानिक होता आणि त्याने मध्य आशियात मोठे प्रवास केले होते, एवढेच दिले आहे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या माणसाच्या प्रत्यक्ष प्रवासांचा आणि संशोधनाचा त्याच्या कादंबऱ्यांशी कितपत संबंध आहे? आणि पृथ्वी आतून पोकळ नाही हे ज्याला निश्चित ठाऊक असणार, त्या भूवैज्ञानिकाने नेमकी हीच कल्पना का निवडली असावी? माझ्या आठवीतल्या भाचीला हे पुस्तक द्यावे असे मनात आहे. पण तिच्या डोक्यात चुकीचे विज्ञान भरले जाऊ नये, म्हणून आधी इथे विचारते आहे. जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

कातळशिल्प

मी अनेक वर्षे महाविद्यालयात भूविज्ञान शिकवले आहे आणि ओब्रुचेव्ह हा माझ्या आवडीचा विषय आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

ओब्रुचेव्ह यांचा जन्म 1863 मध्ये रशियातील त्व्येर प्रांतातल्या क्लेपेनिनो येथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी झाला. लहानपणी त्यांनी ज्यूल व्हर्नची पुस्तके वाचली. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या खाणकाम संस्थेत मध्य आशियातल्या तुर्किस्तान प्रदेशाचे संशोधक इव्हान मुश्केतोव्ह हे त्यांना शिक्षक म्हणून लाभले, आणि आशियाच्या अंतर्भागाकडे जाण्याची ओढ त्यांच्यात तिथेच रुजली. 1886 मध्ये पदवी मिळताच ते कॅस्पियन समुद्रापलीकडच्या नव्या रेल्वेमार्गाच्या कामावर गेले. काराकुम वाळवंटातली सरकती वाळू रुळांवर येत असे. ती वाळू कशी सरकते, तिला कशाने थोपवता येईल आणि अमू दर्याचे जुने पात्र कुठून जात होते, याचा त्यांनी दोन वर्षे अभ्यास केला. 1888 मध्ये त्यांची इर्कुत्स्क येथे नेमणूक झाली. सैबेरियाच्या अवाढव्य प्रदेशाला मिळालेले ते पहिले सरकारी भूवैज्ञानिक होते. लेना नदीच्या खोऱ्यात, गोठलेल्या जमिनीखाली गाडल्या गेलेल्या जुन्या नदीपात्रांमधले सोने तिथे कसे साठले असावे, हा तिथला त्यांचा महत्त्वाचा विषय होता.

त्यांचा सर्वांत मोठा प्रवास 1892 ते 1894 या काळातला आहे. ग्रिगोरी पोतानिन यांच्या मोहिमेत सामील होऊन, पण आपला मार्ग स्वतंत्र ठेवून, ते रशिया-मंगोलिया सीमेवरच्या क्याख्ताहून निघाले. उर्गामार्गे (आजचे उलानबातर) गोबी ओलांडून ते बीजिंगला पोहोचले आणि तिथून ओर्दोस, नानशान पर्वतरांगा आणि बेइशान करत चीनच्या पश्चिम टोकाकडच्या कुल्जा गावापर्यंत गेले. हे अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर भरते आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचे त्यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षण केले. घोड्यावरून, उंटांच्या सोबतीने, रोज ठरावीक अंतर कापत जायचे, प्रत्येक उघड्या कड्यापाशी थांबून थरांचा उतार मोजायचा, नमुना फोडून त्यावर क्रमांक घालायचा आणि रात्री तंबूत त्या दिवसाचा नकाशा पूर्ण करायचा, ही शिस्त त्यांनी दोन वर्षे पाळली.

या प्रवासातून आलेल्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात. उत्तर चीनमध्ये लोएस नावाच्या पिवळसर, भुसभुशीत मातीचे शेकडो फूट जाडीचे थर आहेत आणि त्यांत लोक घरे कोरून राहतात. ही माती मध्य आशियातल्या वाळवंटांतून वाऱ्याने उचलून आणलेल्या धुळीची आहे, असे ओब्रुचेव्ह यांनी मांडले आणि पुढची अनेक दशके हे मत पुराव्यांनिशी लढवले. दुसरी गोष्ट आकाराने लहान आहे. 1892 मध्ये गोबीत त्यांना गेंड्याच्या जीवाश्म दातांचे तुकडे सापडले. गोबीतले गाळाचे थर एका जुन्या समुद्राने टाकले, असे तोवर मानले जात होते. समुद्राच्या तळाशी गेंडा चरत नाही, म्हणून त्या तुकड्यांनी त्या प्रदेशाच्या इतिहासाचे चित्रच बदलले. मंगोलियातील पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचा तो पहिला शोध होता.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. 'प्लुटोनिया'ची रचनाच मुळी थर वाचणाऱ्या माणसाची आहे. भूवैज्ञानिक कड्यावरून खाली उतरतो तेव्हा एकेका थराबरोबर तो काळात मागे जात असतो. वरच्या गाळात मॅमथची हाडे, त्याखाली तृतीयक, म्हणजे डायनोसॉरनंतरच्या काळातले सस्तन प्राणी आणि आणखी खाली ज्युरासिक, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातले सरीसृप, हा क्रम त्याच्या रोजच्या कामाचा आहे. ओब्रुचेव्ह यांनी तोच क्रम आडवा केला आणि वाचकाला त्यावरून चालवत नेले. हे प्राणी तिथे पोहोचले कसे, याचेही त्यांनी कारण दिले आहे. फार पूर्वी एका प्रचंड उल्केने भूकवच फोडले, त्या भोकातून ज्युरासिक काळातले जीव आत शिरले आणि नंतरच्या प्रत्येक काळातल्या नव्या जीवांनी आधीच्यांना अधिक आत रेटले. त्यामुळे जितके आत जावे तितके जुने प्राणी भेटतात.

शिवाय कादंबरीतली माणसे काम करतात ती खऱ्या मोहिमेसारखी. आपण कुठे आहोत हे कळेनासे झाल्यावर ती घाबरून जात नाहीत. पाणी किती तापमानाला उकळते ते मोजतात, कारण जितके खोल जावे तितका हवेचा दाब वाढतो आणि पाणी अधिक तापमानाला उकळते. तो आकडा शंभर अंशांच्या वर चढत राहतो, तेव्हा आपण समुद्रसपाटीच्या किती खाली आलो याचा हिशेब करतात आणि स्वतःच्याच उत्तरावर वाद घालतात. हा भाग मला संपूर्ण पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो. हातातले उपकरण एक सांगते, आजवरचे ज्ञान दुसरे सांगते, आणि घाईने कुणाचीही बाजू न घेता पुन्हा मोजायचे असते. विद्यार्थ्याला ही वृत्ती व्याख्यानातून देता येत नाही.

कादंबरी लिहिली गेली ती परिस्थितीही सांगण्याजोगी आहे. 1901 पासून ओब्रुचेव्ह टॉम्स्कच्या तंत्रज्ञान संस्थेत खाणकाम विभाग उभा करत होते. त्यांच्या राजकीय मतांमुळे 1912 मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले आणि ते मॉस्कोला आले. सैबेरियातली क्षेत्रकामे तुटली. त्या काळात, 1915 मध्ये, त्यांनी 'प्लुटोनिया' लिहिली आणि ती 1924 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते.

दुर्बीण

पोकळ पृथ्वीच्या कल्पनेबद्दल भौतिकशास्त्राच्या बाजूने लिहितो, कारण भाचीला पुस्तक देताना हे सांगावे लागेल.

कॅव्हेंडिश यांनी 1798 मध्ये केलेल्या मोजणीतून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पटीच्या आसपास येते. आपल्या पायाखालचे खडक मात्र पाण्याच्या साधारण पावणेतीन ते तीन पटच जड आहेत. म्हणजे आत पृष्ठभागापेक्षा कितीतरी जड द्रव्य असले पाहिजे, तिथे पोकळी असूच शकत नाही. पुढे भूकंपलहरींच्या अभ्यासातून गाभ्याची कडा सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर असल्याचे भूकंपशास्त्रज्ञ गुटेनबर्ग यांनी ठरवले, तेही ही कादंबरी लिहिली जाण्याच्या सुमारासच. दुसरी अडचण न्यूटनपासून माहीत आहे. सर्वत्र सारख्या जाडीच्या पोकळ गोलाच्या आत त्या कवचाचे गुरुत्वाकर्षण सगळीकडून सारखे कटून शून्य होते. तेव्हा आतल्या बाजूला पाय रोवून उभेच राहता येणार नाही. वर मधोमध एखादा छोटा सूर्य असलाच, तर तो सगळ्यांना स्वतःकडे ओढून घेईल.

हे सगळे ओब्रुचेव्ह यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते वाचकापासून लपवलेले नाही. पृथ्वी पोकळ असल्याची कल्पना एके काळी विद्वानांनी गंभीरपणे मांडली होती आणि नंतर ती टाकून दिली गेली, हे त्यांनी पुस्तकातच स्पष्ट केले आहे. त्यांचा रोख व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाकडे होता. त्या कादंबरीतली माणसे आइसलंडमधल्या एका ज्वालामुखीच्या नळीतून आत उतरतात आणि उसळत्या लाव्हाबरोबर इटलीतल्या दुसऱ्या ज्वालामुखीतून सुखरूप बाहेर पडतात. शांत झालेल्या ज्वालामुखीची नळी थिजलेल्या लाव्हाने बंद असते आणि उद्रेकातून जिवंत बाहेर पडणे कुणालाही शक्य नाही, हे भूवैज्ञानिकाला खटकणारच. म्हणून एक मोठे अशक्य गृहीत उघडपणे मान्य करायचे आणि त्यानंतरची प्रत्येक गोष्ट जमेल तितकी बरोबर लिहायची, असा मार्ग त्यांनी घेतला.

मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. तरीही माझी एक हरकत आहे. गृहीत कुठे संपते आणि खरे विज्ञान कुठे सुरू होते, ही रेषा मोठ्या वाचकाला दिसते, लहान वाचकाला दिसत नाही. त्यामुळे पुस्तक द्या, पण सोबत हे बोलणेही होऊ द्या.

पानगळ

दोघांचे मनापासून आभार. थर आडवे करण्याची गोष्ट वाचल्यावर काही प्रकरणे मी पुन्हा उघडली आणि ती आता निराळी दिसत आहेत.

एक शंका राहते. कादंबरीच्या शेवटी, परतीच्या वाटेवर पहिले महायुद्ध सुरू झालेले असते आणि ऑस्ट्रियाचे लढाऊ जहाज या लोकांचे नमुने आणि टिपणे जप्त करते. एवढ्या मेहनतीने जमवलेले सगळे असे हातचे घालवण्यामागे कथा सोयीने संपवण्यापलीकडे काही असेल का? आणि 'सान्निकोव्हची भूमी' या त्यांच्या दुसऱ्या कादंबरीबद्दल कुणी सांगू शकेल का?

हिमरेषा

'सान्निकोव्हची भूमी' मला दोन्हींतली अधिक चांगली वाटते, कारण तिच्या पायाशी एक खरे, उलगडण्याआधी माणसांचा जीव घेतलेले कोडे आहे.

याकोव्ह सान्निकोव्ह हा सैबेरियाच्या उत्तरेकडच्या नव-सैबेरियन बेटांवर मॅमथचे सुळे आणि कोल्ह्यांची कातडी गोळा करणारा व्यापारी होता. 1811 च्या सुमारास कोतेल्नी बेटावरून उत्तरेला त्याला डोंगर असलेली जमीन दिसली. 1886 मध्ये बॅरन एदुआर्द टोल या संशोधकालाही त्याच दिशेला सपाट माथ्याचे डोंगर दिसले, आणि त्या भूमीवर पाऊल ठेवायचेच हा टोल यांचा आयुष्यभराचा ध्यास झाला. 1900 मध्ये 'झार्या' जहाजातून त्यांची मोहीम निघाली. 1902 मध्ये जहाज सोडून ते तीन सोबत्यांसह बेनेट बेटावर पोहोचले, आणि तिथून परत निघाल्यावर चौघेही बर्फात कायमचे नाहीसे झाले. पुढच्या वर्षी शोधाला गेलेल्या तुकडीला त्यांनी मागे ठेवलेले टिपण मिळाले. ती तुकडी नेणारा तरुण अधिकारी कोल्चाक पुढे रशियाच्या यादवी युद्धात प्रसिद्ध झाला.

ओब्रुचेव्ह यांच्यासमोर हा ताजा इतिहास होता. स्थानिक लोकांचे एक जुने निरीक्षणही होते, की वसंत ऋतूत पक्षी उत्तरेकडे समुद्रावर उडत जातात आणि शरद ऋतूत पिल्लांसह परततात. बर्फाशिवाय काही नसलेल्या जागी पक्षी अंडी घालायला कसे जातील? यावरून त्यांनी ज्वालामुखीच्या उष्णतेने उबदार राहिलेली, कड्यांनी वेढलेली एक भूमी कल्पिली, जिथे मॅमथ अजून जिवंत आहेत आणि चुकोत्काहून परागंदा झालेली ओंकिलोन जमात वस्ती करून आहे. ही कादंबरी 1926 मध्ये आली. तिच्यात ती भूमी उत्तर ध्रुवीय नकाशावरच्या खऱ्या जागी आहे आणि प्रवासाचे साहित्य, कुत्र्यांच्या गाड्या, भेगाळलेला समुद्रबर्फ हे सगळे तंतोतंत आहे. पात्रांपैकी काहीजण राजकीय हद्दपार आहेत. सैबेरियात इतकी वर्षे काढलेल्या लेखकाला ही माणसे जवळून माहीत होती आणि तो भाग त्यामुळे जिवंत उतरला आहे.

1930 च्या दशकात बर्फफोड्या जहाजांनी आणि विमानांनी तो समुद्र धुंडाळला, तेव्हा जमीन सापडली नाही. मग सान्निकोव्ह आणि टोल यांनी पाहिले तरी काय? बहुतेक तज्ज्ञांचे मत असे आहे की त्या भागात गाडलेल्या जुन्या बर्फाची आणि गोठलेल्या मातीची बेटे होती, आणि ती लाटांच्या माऱ्याने व उष्णतेने वितळून गेली. त्याच समुद्रातले वासिल्येव्स्की बेट असेच विसाव्या शतकात नकाशावरून नाहीसे झाले. ओब्रुचेव्ह स्वतः 1930 पासून गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगाचे प्रमुख होते आणि 1939 पासून त्यासाठीच्या संस्थेचे संचालक राहिले. ज्या प्रदेशावर त्यांनी साठीत कादंबरी लिहिली, त्याच प्रकारच्या जमिनीचे शास्त्र उभे करण्यात त्यांचे उतारवय गेले.

तुमच्या शंकेबद्दल माझे मत सांगते. 'सान्निकोव्हची भूमी'तही शेवटी भूकंप आणि पूर येऊन ती सगळी भूमी नष्ट होते. दोन्ही कादंबऱ्यांत पुरावा हातात उरत नाही, तेव्हा हा योगायोग मानता येत नाही. नमुना नसेल तर शोध लागलाच नाही, हा क्षेत्रकाम करणाऱ्याचा कठोर नियम आहे आणि लेखकाने तो आपल्या नायकांनाही लावला. यात नकाशाशी इमान राखण्याचा भागही आहे. कल्पित भूमी शिल्लक ठेवली असती, तर ती खऱ्या भूगोलाच्या आड आली असती.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. 'प्लुटोनिया'त शास्त्रज्ञ दिसेल त्या प्राण्यावर गोळी झाडतात आणि दुसऱ्या पुस्तकात ओंकिलोन लोकांचे चित्रण बाहेरून आलेल्या, स्वतःला अधिक जाणता समजणाऱ्या माणसाच्या नजरेने केलेले आहे. त्या काळी नमुने असेच गोळा केले जात आणि लोकांविषयी असेच लिहिले जाई, हे खरे आहे. तरी आजच्या मुलीला ते खटकले, तर तिचे खटकणे योग्य आहे.

वाटाड्या

या चर्चेत सोव्हिएत जीवाश्मतज्ज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांचे नाव यायला हवे, कारण गोबीतल्या त्या गेंड्याच्या दातांची वाट पुढे त्यांच्यापर्यंत जाते. ओब्रुचेव्ह यांच्या नंतर तीस वर्षांनी, 1922 पासून, रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या अमेरिकन मोहिमा गोबीत गेल्या आणि 1923 मध्ये तिथे डायनोसॉरची अंडी सापडली. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946, 1948 आणि 1949 मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या मोहिमा गेल्या, त्यांचे नेतृत्व येफ्रेमोव्ह यांनी केले. जीव मेल्यापासून त्याचा जीवाश्म होईपर्यंत त्याच्या अवशेषांचे काय काय होते, याचे स्वतंत्र शास्त्र त्यांनी 1940 मध्ये मांडले. तेही विज्ञानकथा लिहीत. 1957 मधली 'अँड्रोमेडा नेब्युला' ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध आहे. याकुतियात हिऱ्यांचे खडक असले पाहिजेत, या धारणेवर त्यांनी 1940 च्या दशकात एक कथा लिहिली होती, आणि 1954 मध्ये तिथे हिरे असलेला पहिला खडक खरोखर सापडला. 1963 मध्ये आलेल्या त्यांच्या एका कादंबरीचा काही भाग भारतात घडतो.

दोघांत मला एक फरक जाणवतो. येफ्रेमोव्ह पुढे, न आलेल्या काळाकडे पाहतात. ओब्रुचेव्ह यांची नजर कायम मागे, होऊन गेलेल्या काळाकडे आहे. मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची वाट अधिक परिचयाची आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तिला पहिले पारितोषिक मिळाले आणि शास्त्रज्ञाने स्वतः कथा लिहिण्याला आपल्याकडे बळ आले. नारळीकर त्यांच्या काळात शास्त्रज्ञांसमोर असलेल्या कल्पनेपासून सुरुवात करतात, ओब्रुचेव्ह टाकून दिलेल्या कल्पनेपासून. शिक्षण दोघांनाही करायचे आहे, पण ओब्रुचेव्ह यांच्या मार्गात धोका जास्त आहे, हे दुर्बीण यांचे म्हणणे मला पटते.

कातळशिल्प

भाचीबद्दल लिहायचे राहिले होते.

पुस्तक अवश्य द्या. आपल्या महाराष्ट्राचा बहुतांश भाग लाव्हाच्या काळ्या खडकाने झाकलेला आहे. सह्याद्रीच्या घाटात एकावर एक चढलेले थर मुलांना दिसतात, पण ते सगळे लाव्हाचेच असतात. खालच्या थरात एक प्राणी आणि वरच्यात दुसरा, हा जीवाश्मांचा क्रम त्यांच्या दृष्टीस कधी पडत नाही. विद्यार्थ्यांना तो पाठांतरातून शिकवावा लागतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. 'प्लुटोनिया'त भाची त्या क्रमातून चालत जाते आणि त्यानंतर तृतीयक किंवा ज्युरासिक ही नावे तिला ओळखीची होतात. कादंबरीतले काही प्राणी आज वेगळ्या रूपात उभे केले जातात, कारण शंभर वर्षांत जीवाश्मविज्ञान खूप पुढे गेले आहे. तेव्हा वाचताना एखाद्या नव्या सचित्र पुस्तकाशी ताडून पाहायला सांगा.

पात्रांच्या स्वभावचित्रणाची मात्र फार अपेक्षा ठेवू नका. भूवैज्ञानिक, प्राणिशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, हवामानतज्ज्ञ अशी ती माणसे आपापल्या विषयाने ओळखायची आणि त्यांच्यात स्त्री जवळजवळ नाहीच. ओब्रुचेव्ह यांच्या सख्ख्या आत्या मारिया रशियातल्या अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक होत्या, हे लक्षात घेता ही उणीव मला अधिकच लागते. भाचीला त्यांच्याबद्दलही सांगा.

ओब्रुचेव्ह 1956 मध्ये, ब्याण्णव वर्षांचे होऊन वारले. सैबेरियाच्या भूविज्ञानावरचे तीन खंड आणि तिथल्या संशोधनाचा अनेक खंडांतला इतिहास त्यांनी सत्तरीच्या आगेमागे आणि त्यानंतर लिहिला. त्यांचे दोन मुलगे याच वाटेने गेले. सेर्गेई यांनी 1926 मध्ये ईशान्य सैबेरियातली चेर्स्की पर्वतरांग नकाशावर आणली, आणि द्मित्री प्राचीन माशांच्या जीवाश्मांचे तज्ज्ञ झाले.

आणि शक्य झाल्यास सुट्टीत तिला चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला घेऊन जा. तिथल्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. कुणी जाणते सोबत असेल तर उत्तम. तिथले काहीही उचलून आणू नये, जागेवरच पाहावे आणि वहीत टिपावे, एवढे मात्र तिला आधी सांगून ठेवा.